जे घडू दिले नाही त्याचा हिशेब

मेलबर्नच्या हॉथॉर्न या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या चाहत्यांत फिन मॅगिनेस या खेळाडूचे नाव निघाले की दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे, की ज्याच्या हाती सबंध सामन्यात चेंडू मोजक्या वेळा येतो आणि आला तरी ज्याच्याकडून काही विशेष घडत नाही, त्याला निवडून संघ आपली एक जागा वाया घालवतो. दुसऱ्या तटाचे उत्तर तितकेच ठाम असते. प्रतिस्पर्धी संघाचा सर्वांत घातक खेळाडू ज्याच्यामुळे दिवसभर निष्प्रभ राहतो, त्याने स्वतः चेंडूला हातसुद्धा लावला नाही तरी त्याचे काम झालेले असते. मी दुसऱ्या तटाचा आहे. मात्र पहिल्या तटाकडचे सगळेच मुद्दे टाकाऊ आहेत असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच हा वाद मला शांतपणे, सविस्तर मांडावासा वाटतो.

ज्यांनी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मेलबर्न हे या खेळाचे माहेर आहे. इथे सगळे त्याला 'फूटी' म्हणतात. लंबवर्तुळाकार मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू असतात, ऑफसाइडचा नियम नसतो, आणि चेंडू लाथेने किंवा मुठीने मारून पुढे द्यायचा असतो. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू गेला तर सहा गुणांचा गोल, बाजूच्या खांबांमधून गेला तर एका गुणाचा 'बिहाइंड'. मैदान इतके प्रशस्त असते, की मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर सहज धावतो. या पसाऱ्यात कोण चांगला खेळला हे ठरवण्यासाठी चाहत्यांच्या हाती सर्वांत सोपे माप असते ते 'डिस्पोझल्स'चे, म्हणजे खेळाडूने किती वेळा चेंडू मिळवून तो पुढे दिला त्याचे. तिसाच्या वर गेला तर उत्तम, विसाच्या आसपास असला तर ठीक, आणि दहाच्या खाली राहिला तर सामना संपायच्या आत त्याला पुढच्या आठवड्यात वगळण्याची मागणी सुरू होते.

'टॅगर'ची भूमिका या मापाच्या नेमकी विरुद्ध दिशेला उभी आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या एका खेळाडूला दिवसभर जखडून ठेवणे हे त्याचे काम, आणि मॅगिनेस हेच काम करतो. हे काम जवळून कसे दिसते ते पाहण्यासाठी चेंडूवरची नजर काढून घ्यावी लागते, आणि तेच सर्वांत अवघड असते, कारण स्टेडियममधली सगळी डोकी चेंडूबरोबर वळत असतात. पंच चेंडू पुन्हा खेळात आणायला उभा राहतो. त्याच्याभोवती आठ-दहा जण गोळा होतात आणि प्रत्येक जण चेंडू कुठे पडेल याचा अंदाज घेत असतो. टॅगर मात्र चेंडूकडे बघत नाही, तो ज्याला जखडायचे त्या माणसाच्या कमरेकडे बघतो. माणूस ज्या दिशेने निघणार ती दिशा आधी कमरेत दिसते, डोळ्यांत आणि खांद्यांत तो फसवू शकतो. टॅगर त्याच्या आणि गोलच्या मध्ये, अर्धे पाऊल आत उभा राहतो, कोपर त्याच्या दंडाला हलके टेकवून ठेवतो, पण धरत नाही. धरले तर फ्री किक जाते. चेंडू हवेत उडतो आणि जो खेळाडू एरवी पहिल्या दोन पावलांत मोकळा झाला असता, त्याची ती दोन पावले या कोपराला वळसा घालण्यात जातात. चेंडू दुसऱ्याच कोणाच्या हाती पडतो. प्रेक्षक त्या दुसऱ्याला टाळ्या देतात. माणूस विश्रांतीसाठी बाकावर गेला तर टॅगरही बाकावर जातो आणि तो परतला की हाही परततो. प्रत्येक संघाला सामन्यात मोजून ७५ अदलाबदली करता येतात, तेव्हा हे वेळापत्रक जुळवणे हीसुद्धा एक कसरतच असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर हॉथॉर्न आणि कॉलिंगवूड समोरासमोर आले तेव्हा मॅगिनेसकडे जखडायला कॉलिंगवूडचा निक डेकॉस होता. कॉलिंगवूड गुणतक्त्यात अव्वल होते, पुढे त्याच वर्षी त्यांनी अजिंक्यपदही मिळवले. हॉथॉर्न तळाशी चाचपडत होते आणि हंगामाअखेर सोळाव्या क्रमांकावर राहिले. डेकॉसचे ते दुसरेच वर्ष, पण सामन्यामागे तीस वेळा चेंडू मिळवणे ही त्याच्यासाठी नित्याची बाब झाली होती आणि लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ब्राउनलो पदकासाठी त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. त्या दुपारी त्याला चेंडू मिळाला फक्त पाच वेळा. हॉथॉर्नने तो सामना ३२ गुणांनी जिंकला.

हा आकडा मॅगिनेसच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य पुरावा आहे आणि त्यावरच पहिला आक्षेपही घेतला जातो. त्याच सामन्यात डेकॉसच्या गुडघ्याला मार बसला होता, हाडाला बारीक तडा गेल्याचे नंतर निष्पन्न झाले आणि तो थेट प्रिलिमिनरी फायनललाच, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीतच मैदानात परतला. मग त्या पाचांचे श्रेय टॅगरला द्यायचे की दुखापतीला? आक्षेप रास्त आहे, आणि दुखापतीचा विषय असल्यामुळे तो जबाबदारीने हाताळायला हवा. कोणाच्या दुखऱ्या गुडघ्यावर आपल्या खेळाडूचे कर्तृत्व उभे करू नये. तरीही डेकॉस जितका वेळ मैदानावर होता तितकाच वेळ जमेस धरला, तरी त्याच्यासारख्या खेळाडूसाठी पाच ही संख्या फारच तोकडी आहे. ज्याने त्या दिवशी मुद्दाम मॅगिनेसवर नजर ठेवली असेल, त्याला हे सांगावे लागणार नाही.

या दोघांच्या नात्यात एक पदर असा आहे, की त्यामुळे मला ती लढत आणखी मोलाची वाटते. दोघेही वडिलांच्या क्लबात आलेले. वडिलांनी एखाद्या क्लबासाठी शंभर किंवा अधिक सामने खेळलेले असतील तर मुलाला निवडताना त्या क्लबाला प्राधान्य मिळते, असा या लीगचा नियम आहे. निकचे वडील पीटर डेकॉस हे सीमारेषेजवळच्या अशक्य कोनांतून गोल मारण्यासाठी प्रसिद्ध होते आणि १९९० च्या विजेत्या कॉलिंगवूड संघात होते. फिनचे वडील स्कॉट मॅगिनेस हॉथॉर्नच्या बचावफळीत खेळले आणि १९८८ व १९८९ च्या दोन्ही विजेत्या संघांत होते. त्यांतल्या १९८९ च्या अंतिम सामन्यात गीलाँगच्या गॅरी ॲब्लेटने एकट्याने नऊ गोल केले आणि तरीही हॉथॉर्नने तो सामना सहा गुणांनी जिंकला. ते नऊ गोल आजही जुन्या चाहत्यांना पाठ आहेत. त्याला दहावा मिळाला नाही, आणि अखेरीस फरक बरोबर एका गोलाइतकाच राहिला, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवतो. मारलेले गोल लक्षात राहतात. अडवलेला गोल लक्षात ठेवायला त्याला आधी नाव तरी असावे लागते.

माझा मुलगा मेलबर्नमध्येच वाढला. हा खेळ त्याने शाळेच्या मैदानावर शिकला आणि मी तो त्याच्याकडून शिकलो, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार मानावा लागतो. तो पहिल्या तटाचा आहे. सामना चालू असताना त्याच्या फोनवर आकड्यांचा तक्ता क्षणोक्षणी बदलत असतो आणि तो मला तो दाखवतो. "बाबा, हे बघा, तिसरा क्वार्टर संपत आला आणि याला चेंडू मिळालाय चार वेळा. बाकीचे सतरा जण याची भरपाई करतायत." मी म्हणतो, त्याच्यासमोरच्याचा आकडा बघ. तो म्हणतो, "तो सगळ्या संघाने मिळून अडवलाय, एकट्याने नाही." या बोलण्यात तथ्य आहे. फूटीत कोणीच कोणाला एकट्याने अडवत नाही; मधल्या फळीतल्या सहकाऱ्यांनी चेंडू आधी पटकावला तर टॅगरचे निम्मे काम आपोआप होते.

आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई बसतात, हॉथॉर्नच्या कित्येक वर्षांच्या सभासद. त्या सामन्याची पुस्तिका विकत घेतात आणि तिच्यातल्या संघांच्या यादीवर पेन्सिलीने खुणा करतात. गोल आणि बिहाइंड मांडण्याची ही पद्धत इथे जुनी आहे, अनेक जण ती पाळतात. या बाई मात्र आणखी एक गोष्ट करतात. आपल्या प्रत्येक बचावपटूच्या नावापासून, तो ज्याच्यावर लक्ष ठेवून आहे त्या प्रतिस्पर्ध्याच्या नावापर्यंत त्या एक रेघ ओढतात, आणि त्या प्रतिस्पर्ध्याने गोल केला की त्या रेघेवर एक छोटी फुली मारतात. जोडी बदलली की रेघ खोडून नवी ओढतात. सामना संपेपर्यंत पान रेघांनी भरून जाते, आणि ज्या रेघेवर एकही फुली नसते तिच्याकडे बोट दाखवून त्या शेजारच्याला एवढेच सांगतात, की आज हा चांगला खेळला. मोबाइलमधल्या तक्त्यापेक्षा मला ते पान अधिक विश्वासार्ह वाटते, कारण एका खेळाडूसमोर एक आकडा न मांडता त्यात दोन खेळाडूंना जोडणारी रेघ मांडलेली असते.

खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये निदान निर्धाव षटकाला स्वतंत्र रकाना आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावातले त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी असे आहे. नाशिकच्या या गोलंदाजाला त्या डावात एकही बळी मिळाला नाही आणि सामना अनिर्णित राहिला, किंबहुना त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णितच राहिल्या. म्हणून 'त्या षटकांनी साधले काय' हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत विचारला जातो. पण प्रश्न विचारायला तरी नोंद आहे. साठ वर्षांनंतरही बोलस आणि बॅरिंग्टन या इंग्लंडच्या फलंदाजांना त्या दिवशी किती थोडे मिळाले हे आपण सांगू शकतो. फूटीच्या आकडेवारीत अडवलेल्या पासचे, मुठीने दूर मारलेल्या चेंडूचे, टॅकलचे, दबाव आणण्याच्या कृतींचे रकाने आहेत. पण ज्या ठिकाणी प्रतिस्पर्धी पोहोचूच शकला नाही त्या ठिकाणाची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. टॅगर जितका चांगला, तितका त्याचा माणूस चेंडूपासून लांब, आणि तितकी त्याच्या स्वतःच्या नावावर टॅकल करण्याचीही संधी कमी. उत्तम टॅगरचा तक्ता जवळपास कोराच राहतो आणि वाईट टॅगरचाही.

क्लबांना मात्र ही किंमत कळते, निदान काही क्लबांना काही काळ तरी. फ्रीमँटलचा रायन क्राउली हा निव्वळ टॅगर म्हणून ओळखला जात असे, आणि २०१२ मध्ये क्लबाने त्यालाच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून डोइग पदक दिले. गीलाँगचा कॅमेरून लिंग प्रतिस्पर्ध्यांच्या बिनीच्या खेळाडूंमागे वर्षानुवर्षे धावला आणि २०११ मध्ये त्याच क्लबाचा विजेता कर्णधार झाला. माझ्या मते लिंगचे उदाहरण मॅगिनेसच्या टीकाकारांना अधिक उपयोगी पडते. लिंग आपल्या माणसाला अडवता अडवता स्वतः चेंडूही मिळवत असे, माणूस दमला की त्याला मागे टाकून पुढे जात असे आणि गोलही करत असे. म्हणजे समोरच्याला त्याचीही काळजी करावी लागत असे. मॅगिनेसच्या खेळात आजवर ही दुसरी बाजू फारशी दिसलेली नाही. त्याच्याकडे धावण्याचा दम आहे, चिकाटी आहे, आणि दिलेले काम सोडून चेंडूमागे न पळण्याची दुर्मीळ शिस्त आहे; पण चेंडू हाती आल्यावर पुढचा निर्णय घेण्यात तो चाचपडतो. प्रतिस्पर्धी संघाने हे ओळखले, की ते त्याला मोकळे सोडतात आणि आपला एक माणूस दुसरीकडे जास्तीचा उभा करतात. जखडलेला खेळाडूही कधी कधी मुद्दाम कडेला जाऊन उभा राहतो, टॅगरला आपल्याबरोबर ओढून नेतो आणि मधली जागा सहकाऱ्यांसाठी मोकळी करून देतो. अशा दिवशी जखडलेल्याचा आकडा लहान दिसतो, टॅगरचे समर्थक खूश होतात आणि सामना हातातून निसटतो.

टीकाकारांचा याहूनही भक्कम पुरावा हॉथॉर्नच्याच इतिहासात आहे. २०१३ च्या अंतिम सामन्यात क्राउलीने हॉथॉर्नच्या सॅम मिचेलला जखडले, आणि तरीही हॉथॉर्नने फ्रीमँटलला १५ गुणांनी हरवले. ज्या संघाकडे मिचेलखेरीज आणखी चार-पाच जण सामना फिरवणारे असतात, त्यातला एक बंद केला म्हणून तो संघ थांबत नाही. पुढे २०२२ च्या हंगामापासून हाच सॅम मिचेल हॉथॉर्नचा प्रशिक्षक झाला आणि त्यानेच मॅगिनेसला डेकॉसवर सोडले. दंडाला टेकलेले ते कोपर दिवसभर सोसणे काय असते, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्याने हे हत्यार उचलले, याचा अर्थ तो त्याला क्षुल्लक समजत नव्हता. त्याचबरोबर हेही खरे, की ते त्याने रोज वापरले नाही.

कारण हिशेब संघाच्या ताकदीप्रमाणे बदलतो. दुबळ्या संघाने आपला एक साधारण खेळाडू खर्च करून समोरचा असामान्य खेळाडू बंद केला तर सौदा फायद्याचाच असतो. २०२३ च्या हॉथॉर्नला तो परवडला. पुढच्या वर्षी चित्र पालटले. २०२४ मध्ये पहिले पाचही सामने हरलेला हा संघ नंतर असा काही उसळला, की सेमीफायनलपर्यंत जाऊन पोहोचला, आणि त्या उसळीत तरुण, धाडसी, चेंडू घेऊन थेट पुढे धावणाऱ्या खेळाडूंचा मोठा वाटा होता. ज्याची किंमत अडवण्यात आहे त्याची जागा अशा संघात आक्रसते. मॅगिनेस पुन्हा उंबरठ्यावर आला, कधी आत, कधी बाहेर. टीकाकारांनी याला आपला विजय मानले. मला त्यात फक्त एवढेच दिसले, की संघाला मिळालेल्या नव्या वळणात त्याच्या कामाची गरज दर आठवड्याला उरली नव्हती.

त्याची सर्वांत मोठी अडचण या वादात कोणी बोलतच नाही, आणि मला त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. पहिल्या संघातून वगळलेला हॉथॉर्नचा खेळाडू बॉक्स हिल हॉक्सकडून व्हीएफएल या खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत खेळतो आणि तिथे चांगला खेळ करून परत यावे अशी अपेक्षा असते. आघाडीचा खेळाडू तिथे चार गोल करतो, मधल्या फळीतला खेळाडू तिथे तीस-पस्तीस वेळा चेंडू मिळवतो आणि निवड समितीचे दार वाजवतो. टॅगरने तिथे काय करावे? त्या पातळीवर डेकॉस नसतो. समजा, समोरच्या संघातल्या सर्वोत्तम माणसाला त्याने जखडलेच, तर कोणाला तरी ते दिसेल का? म्हणून त्याला तिथे स्वतः चेंडू मिळवणारा खेळाडू व्हावे लागते, म्हणजे जे काम पहिल्या संघात त्याच्याकडून कोणीही मागणार नाही ते करून दाखवावे लागते. मग त्याने तिथे चेंडू भरपूर मिळवला, की चाहते म्हणतात हा खालच्या पातळीवरच चमकतो, आणि नाही मिळवला की म्हणतात तिथेही जमत नाही. या चरकातून सुटण्याचा मार्ग त्याच्या हातात नाही. तो क्लबाच्या हातात आहे. बॉक्स हिलच्या सामन्यांतही त्याला आठवड्याआड एक ठरावीक माणूस नेमून द्यावा, त्या माणसाच्या कामगिरीवरून त्याचे मोल करावे, आणि उरलेल्या आठवड्यांत चेंडू हाती आल्यावर काय करायचे याचा सराव त्याला मोकळेपणाने करू द्यावा, असे मला वाटते.

आणि पहिल्या संघात? मी असतो तर कॉलिंगवूडविरुद्ध त्याला दर वेळी निवडले असते, आणि ज्या संघाचा सगळा खेळ एकाच खेळाडूच्या पायांतून वाहतो अशा प्रत्येक संघाविरुद्धही. ज्यांच्याकडे चेंडू पुढे नेणारे चौघे-पाच जण आहेत त्यांच्याविरुद्ध निवडले नसते. मुलाने यावर लगेच विचारले, "मग बाहेर कोणाला बसवायचं, बाबा?" प्रश्न अगदी बरोबर आहे. २३ जणांच्या निवडीत कोणाचे नाव घालायचे हे बोलणे सोपे असते, कोणाचे काढायचे हे सांगितल्याशिवाय ते बोलणे पुरे होत नाही. माझे उत्तर असे, की हाफ फॉरवर्डच्या, म्हणजे मधली फळी आणि आघाडी यांच्यामधल्या पट्ट्यात जो खेळाडू अधूनमधून मधल्या फळीत जाऊन येतो आणि दोन्हीकडे थोडे थोडे करतो, त्याची जागा अशा दिवशी मॅगिनेसला द्यावी. त्या जागेवरून त्याला समोरच्या संघाच्या मागच्या फळीतून चेंडू घेऊन सुटणाऱ्या खेळाडूवरही नजर ठेवता येते.

मुलाला हे पटलेले नाही. त्याचे म्हणणे असे, की त्या जागेवरचा खेळाडू निदान एखादा गोल तरी करतो, आणि २०२४ ची ॲडलेडमधली सेमीफायनल हॉथॉर्नने पोर्ट ॲडलेडविरुद्ध अवघ्या तीन गुणांनी गमावली. एक गोल सहा गुणांचा असतो. मी त्याला म्हटले, त्या रात्री पोर्टचा एक गोल कमी झाला असता तरीही आपणच जिंकलो असतो. तो गोल अडवणारा माणूस संघात असावा, असे माझे मत आहे.